बागेत गणित: वाफा आखण्यापासून बी साठवण्यापर्यंत मुलांसोबत काय काय करता येतं

भूमिती हा शब्द जरा फोडून बघा. भू म्हणजे जमीन, मिती म्हणजे मोजणं, म्हणजे नावातच जमीन मोजणं आहे आणि आपण हा विषय शिकवतो कुठे, तर टेबलाशी बसून, कंपासपेटी उघडून. यज्ञवेदी आखायची भूमिती सांगणारे आपले जुने ग्रंथ म्हणजे शुल्बसूत्रं, त्यातला शुल्ब म्हणजे पण दोरीच, बरं का. दोरी आणि खुंटी हातात घेऊन मोठमोठ्या माणसांनी जे केलं ते आठ वर्षांच्या पोराला का जमू नये.

पण एक गोष्ट आधीच सांगते, कारण मी स्वतः त्यात पडलेय. पहिल्यांदा मी मुलांना बागेत नेलं तेव्हा गणितं घरूनच तयार करून नेली होती, झाडावर पाच टोमॅटो, दोन तोडले, उरले किती वगैरे. दहा मिनिटांत दोघंही चिखल खेळायला गेले. आणि बरोबरच होतं त्यांचं, टोमॅटो समोर दिसतायत तर वजाबाकी कशाला करायची? मग काही दिवसांनी रोपं लावताना अकरा रोपं उरली, जागा संपली, आणि धाकट्याने आपणहून विचारलं की आधीच का नाही मोजलं. तेव्हापासून माझा एकच नियम आहे, की आकडा तेव्हाच काढायचा जेव्हा त्याच्यावाचून पुढचं काम अडतं. बागेत अशी कामं भरपूर अडतात, आपण फक्त घाईने उत्तर सांगून टाकायचं नाही.

खाली जे लिहिलंय ते साधारण एका हंगामाच्या क्रमाने आहे. सगळं करायलाच हवं असं नाही.

सामान

लवचिक टेप, सुतळी, चार खुंट्या, स्वयंपाकघरातला वजनकाटा, एक लिटरची बाटली, झारी, चौकटीचा कागद आणि एक वही. वहीत पेन्सिलने लिहा, पेनाचं लिखाण ओल्या हातांनी पसरतं. पाकिटातलं बी गुलाबी, निळं असं रंगवलेलं असेल तर त्यावर बुरशीनाशक असण्याची शक्यता असते, ते लहान मुलांच्या हातात देऊ नका, साधं बी घ्या. काम झालं की साबणाने हात धुणं.

वहीत प्रत्येक पानावर दोन रकाने आखा: अंदाज आणि मोजलेलं. अंदाज आधी लिहायचा आणि नंतर खोडायचा नाही. या दोन रकान्यांमुळे अर्धं काम होतं, कारण अंदाज लिहिला की मुलाला उत्तराची उत्सुकता लागते, आणि दोन्हींतला फरक काढणं हीच एक वजाबाकी होते, न सांगता.

पायरी १: बी उगवतंय का ते बघा

जमीन तयार व्हायच्या आधी हे घरातच होतं. २० बिया मोजून घ्या, ओल्या कापडात किंवा कागदी रुमालात ओळीने मांडा, गुंडाळून डब्यात ठेवा, कापड सुकू देऊ नका. मुळा साधारण ३ ते ५ दिवसांत, घेवडा आणि सूर्यफूल आठवडाभरात किंवा थोडं जास्त, हवा गार असेल तर सगळंच लांबतं. रोज किती उगवलं ते लिहायचं.

वीसच का? कारण वीसातली प्रत्येक बी म्हणजे ५ टक्के. १७ उगवल्या तर ८५ टक्के, आणि हे पाचच्या पाढ्याने कळतं, सूत्र पाठ करायची गरज नाही. ज्यांना टक्केवारी अजून आलेली नाही त्यांच्यासाठी १० बिया घ्या आणि दहापैकी आठ एवढंच म्हणा. मग खरा प्रश्न, की आपल्याला ४० रोपं हवीत आणि ८५ टक्केच उगवतात, तर बिया किती लावायच्या? बहुतेक मुलं ४० मध्ये १५ टक्के मिळवतात आणि ४६ म्हणतात. मग ४६ चे ८५ टक्के काढून बघायला सांगा, ३९ च्या जरासं वर येतं, ४० होत नाही. ४० भागिले ०.८५ म्हणजे ४७ पेक्षा थोडं जास्त, म्हणजे ४८ बिया. हा घोळ मोठ्या माणसांचापण होतो त्यामुळे इथे घाई नको.

आणि गंमत करायची असेल तर एक वाटी धण्यांची ठेवा. अख्ख्या गोल धण्यात खरं तर दोन बिया असतात, त्यामुळे १० धण्यांतून १३ कोंब पण येऊ शकतात, म्हणजे १३० टक्के! मुलं आधी म्हणणार मोजायला चुकलो. मग धणा फोडून दाखवा. आपण "एक" कशाला म्हणतोय हे ठरवल्याशिवाय मोजता येत नाही, ही गोष्ट मला शाळेत कोणी सांगितली नव्हती.

पायरी २: वाफा आखणे

इथे वेळ द्या, एक अख्खी सकाळ गेली तरी चालेल.

आधी मुलांना नुसत्या नजरेने चौकोन आखू द्या. चार खुंट्या, सुतळी, चारही बाजू १ मीटर. बाजू बरोबर येतात पण आकार तिरका होतो, पतंगासारखा, आणि मुलांना ते दिसतं. आता विचारा की बाजू तर सारख्या आहेत, मग बिघडलं कुठे. कोपरे, हे उत्तर त्यांच्याकडूनच येऊ द्या.

काटकोनासाठी दोरीची जुनी युक्ती: ३६० सेंमी लांबीचा बंद फास करा, त्यावर तीन खुणा अशा करा की एकीपासून दुसरी ९० सेंमीवर, तिथून पुढे तिसरी १२० वर, आणि तिथून परत पहिलीपर्यंत १५०. तीन खुणा तीन जणांनी धरून ताणायच्या, ९० आणि १२० च्या मधला कोपरा पक्का काटकोन. ३-४-५ चा त्रिकोण, पायथागोरसचं नाव सांगायची आत्ताच गरज नाही. एक काळजी घ्या, सुतळी ताणली की लांबते, त्यामुळे खुणा ताणलेल्या दोरीवरच करा, नाहीतर सगळं करून कोपरा वाकडाच राहतो आणि दोष दोरीचा असतो. शेवटी दोन्ही कर्ण मोजा. सारखे आले तर चौरस झाला, एक मीटरच्या चौरसाचा कर्ण १४१ सेंमीच्या आसपास यायला हवा. दहा-बारा वर्षांच्या मुलांना हा १४१ आकडा खटकतो, कुठून आला म्हणतात, तर खटकू द्या, वर्गमूळ शिकताना आठवेल.

मग चौकोनाभोवतीची ती ४ मीटरची सुतळी घेऊन दुसरा प्रश्न: एवढ्याच दोरीत सगळ्यात जास्त जागा कशी घेता येईल? १ बाय १ केलं तर १ चौरस मीटर. दीड बाय अर्धा केलं तर पाऊण. १.८ बाय ०.२ केलं तर ०.३६, म्हणजे दोरी तितकीच पण जागा निम्म्याहून कमी. परिमिती आणि क्षेत्रफळ यांची गल्लत वर्षानुवर्षं चालते ती या एका खेळात बऱ्यापैकी सुटते, कारण मूल त्या लांबुळक्या वाफ्यात उभं राहतं आणि म्हणतं इथे तर काहीच मावणार नाही. गोल केलं तर साधारण १.२७ चौरस मीटर, सगळ्यात जास्त. गोल आखायला मधे खुंटी आणि दोरी, हे सगळ्यांना माहीत असतं. पण दोन खुंट्या ठोका, दोरीचा सैल फास दोन्हींभोवती टाका आणि काठीने तो ताणून फिरवा, लंबवर्तुळ येतं. खुंट्या जवळ आणल्या की गोल होत जातं, लांब नेल्या की चपटं. हे करून दाखवल्यावर आमच्याकडे दोन दिवस दुसरं काही झालंच नाही, सगळं अंगण अंड्यांनी भरलं.

पायरी ३: रोपं किती मावतील

१ मीटरच्या ओळीत १० सेंमी अंतरावर रोपं लावायची, किती लागतील? सगळे म्हणतात १०. लावून बघा. पहिलं रोप शून्यावर लावलं तर शेवटचं शंभरावर, रोपं ११ आणि मधली अंतरं १०. दोन्ही टोकांना ५-५ सेंमी सोडलं तर मात्र १०. ही एकाची चूक फार चिवट आहे, कॅलेंडरवर दिवस मोजताना पण तीच होते, आणि कागदावर समजावून ती जात नाही, हातात उरलेलं एक रोप बघून जाते. लहान मुलांसाठी रोपांऐवजी खडे वापरा.

मोठ्या मुलांना पुढचा डाव द्या. ओळी समोरासमोर न लावता दुसऱ्या ओळीतलं रोप पहिल्या दोघांच्या मधे लावलं, म्हणजे तिरकस, तर प्रत्येक दोन रोपांत २० सेंमी अंतर राखूनही ओळी जवळ येतात, २० ऐवजी साधारण १७.३ सेंमीवर. मग जास्त रोपं मावणार ना? १ मीटरच्या चौरसात कडेने १० सेंमी सोडून लावा. सरळ पद्धतीत ५ गुणिले ५, म्हणजे २५. तिरकस पद्धतीत ५, ४, ५, ४, ५ म्हणजे २३. कमी झाली! इथे मुलं म्हणतात युक्ती खोटी आहे. आता तेच चौकटीच्या कागदावर ३ मीटरच्या चौरसासाठी करायला सांगा. सरळ १५ गुणिले १५, २२५. तिरकस १७ ओळी, त्यातल्या ९ ओळींत पंधरा पंधरा आणि ८ ओळींत चौदा चौदा, एकूण २४७. वाफा छोटा असला की कडेला वाया जाणारी जागा सगळा फायदा खाते, मोठा असला की तिरकस पद्धत पुढे जाते. बारा-चौदा वर्षांच्या मुलांसाठी मला हा सगळ्यात आवडता उपक्रम वाटतो, कारण इथे उत्तर एक नाहीच, किती जागा आहे त्यावर आहे.

पायरी ४: माती आणि पाणी

१ मीटर बाय १ मीटर वाफ्यात २० सेंमी उंचीची भर घालायची तर माती किती? ०.२ घनमीटर, म्हणजे २०० लिटर. माती, खत, वाळू २:१:१ या प्रमाणात, म्हणजे १००, ५० आणि ५०. बादली १० लिटरची असं लिहिलेलं असलं तरी बाटलीने पाणी ओतून एकदा मोजून घ्या, काठोकाठ भरली की बहुतेक वेळा जास्तच बसतं. आणि मिसळल्यावर २०० लिटर भरत नाही, बारीक वाळू खताच्या पोकळीत जाऊन बसते. १ + १ = २ इथे का होत नाही, यावर जेवताना छान गप्पा होतात.

कुंडी असेल तर तिच्या तोंडाभोवती सुतळी गुंडाळा, तेवढी कापा, मग ती तोंडावर आडवी किती वेळा मावते ते बघा. तीन वेळा आणि वर थोडीशी. कुठलीही कुंडी, डबा, झाकण घ्या, तीन आणि थोडीशीच. ती थोडीशी म्हणजे व्यासाचा साधारण सातवा भाग. गणितातला पाय (π) म्हणजे काय हे असं आधी हाताला कळावं आणि ३.१४ नंतर यावं.

पाण्याचा हिशोब सोपा आहे आणि सुंदर आहे. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर १ लिटर पाणी. सरळ बाजूंची बरणी उघड्यावर ठेवा, आत साचलेलं पाणी पट्टीने मोजा, झाला पर्जन्यमापक. बरणी रुंद असो की अरुंद, मिलिमीटर तेवढेच येतात, फक्त खाली निमुळती नको. दोन वेगळ्या रुंदीच्या बरण्या शेजारी ठेवा आणि आधी अंदाज लिहून घ्या, बहुतेक सगळे चुकतात. भाजीच्या वाफ्याला आठवड्याला ढोबळमानाने २५ मिमी पाणी लागतं असं धरतात, ऊन कडक असेल तर जास्त. या आठवड्यात ९ मिमी पडला तर आपण द्यायचे १६ लिटर. झारी ५ लिटरची, मग तीन झाऱ्या आणि १ लिटर बाकी. ती बाकी सोडायची, की चौथी झारी भरायची, की मातीत बोट घालून बघायचं? पुस्तकात बाकी एक लिहिलं की प्रश्न संपतो, इथे तिचं काहीतरी करावं लागतं.

पायरी ५: वाढ मोजणे

रोज नको, कंटाळा येतो. दोन दिवसांआड पुरे. रोपाशेजारी एक काठी रोवा आणि तिच्यावर जमिनीची खूण करून तीच शून्य धरा, कारण माती पावसाने खचते आणि मग रोप अचानक "वाढल्यासारखं" दिसतं. पट्टीचं पण बघा, बऱ्याच पट्ट्यांना शून्याच्या आधी थोडी जागा असते आणि मुलं टोकापासून मोजतात.

ज्यांना आलेख माहीत नाही त्यांच्यासाठी कागदाची पट्टी रोपाच्या उंचीएवढी कापा, तारीख लिहा आणि भिंतीवर शेजारी शेजारी चिकटवत जा. महिन्याभरात भिंतीवर स्तंभालेख तयार, आणि त्यात प्रमाण वगैरे काही नाही, पट्टीची उंची म्हणजेच रोप. मोठ्यांनी तेच वहीत रेषेने काढावं. सुरुवातीला रेष सपाट, मग चढ, मग परत सपाट होत जाते. कुठल्या आठवड्यात सगळ्यात जास्त वाढलं हे विचारा, सगळ्यात उंच कधी होतं हे नको, दोन्हींत फरक आहे आणि तोच मुद्दा आहे.

शेवटी एखादं मुळ्याचं किंवा गाजराचं रोप उपटून जमिनीच्या रेषेवर धरा. पानं अधिक २५, मूळ उणे १४. ऋण संख्या आमच्याकडे अशीच शिकवून झाली, एकूण लांबी ३९ का, ११ का नाही, यावर चांगलं भांडणही झालं.

पायरी ६: जे मोजून संपणार नाही ते

तण. ५० सेंमी बाजूची काठ्यांची चौकट करा, तिचं क्षेत्रफळ पाव चौरस मीटर. जागा १२ चौरस मीटर असेल तर अशा ४८ चौकटी मावतात. चौकट पाच ठिकाणी ठेवायची, आतलं तण मोजायचं. समजा ७, २, ११, ४, ६ आलं, बेरीज ३०, सरासरी ६, म्हणजे सगळ्या जागेत साधारण २८८. पण चौकट कुठे ठेवायची हे मुलांवर सोडलं तर ती जिथे भरपूर तण तिथेच ठेवतात, मजा येते ना. म्हणून जागेच्या दोन बाजूंना आकडे द्या आणि चिठ्ठ्या काढा, ३ आणि ५ निघालं तर तीन पावलं आडवं, पाच पावलं उभं. निर्देशांक पण झाले आणि निवड निःपक्षपाती पण. त्याच वेळी निंदणी उरकून घ्या, काम फुकट का घालवायचं.

झाडाची उंची हवी असेल तर १ मीटरची काठी उभी करा, तिची सावली ८० सेंमी आणि त्याच वेळी झाडाची सावली ४.८ मीटर असेल तर झाड ६ मीटर. त्याच वेळी हे महत्त्वाचं, खाऊ खाऊन येऊन दुसरी सावली मोजली की उत्तर बदलतं. एकदा मुद्दाम चुकू द्या. पानाचं क्षेत्रफळ चौकटीच्या कागदावर पान ठेवून, कडा गिरवून, पूर्ण चौकटी आणि अर्ध्याहून मोठ्या चौकटी मोजून. एवढंच.

फुलं आणि ती प्रसिद्ध आकड्यांची माळ

१, १, २, ३, ५, ८, १३, २१, ३४, ५५... आधीचे दोन मिळवले की पुढचा. सूर्यफुलाच्या वाळलेल्या चकत्यावर दाण्यांची वळणं दोन दिशांना जातात, एका बाजूने मोजली तर बऱ्याचदा ३४ आणि दुसऱ्या बाजूने ५५ येतात, लहान फुलात २१ आणि ३४. मोजताना हरवायला होतं म्हणून पहिल्या वळणावर खडूने खूण करा. पण कृपा करून मुलांना असं सांगू नका की निसर्गात सगळीकडे हेच आकडे असतात. मुळ्याचं, मोहरीचं फूल बघा, पाकळ्या चार, आणि चार या माळेत नाही. मुलांना आधी नियम सांगून मग अपवाद शोधायला पाठवा, दुप्पट उत्साहाने जातात, मोठ्यांना खोटं पाडायला मिळतंय म्हटल्यावर काय.

वयाचं थोडं

तीन ते पाच वर्षांच्या मुलांनी दाणे मोजायचे, पानं लहान-मोठी लावायची, एका खड्ड्यात एक बी टाकायचं, बस. सहा ते आठ: टेपने मोजणं, पट्ट्या चिकटवणं, पाढे ओळींतून (५ ओळी, प्रत्येकीत ४). नऊ ते अकरा: परिमिती, लिटर, सरासरी, अपूर्णांक. त्यापुढे टक्केवारी, सावली, तिरकस लागवड. पण हे काही काटेकोर नाही, दोन वेगळ्या वयांची मुलं असतील तर तेच काम एकाने मोजायचं आणि दुसऱ्याने लिहायचं. मोठ्याने धाकट्याचा अंदाज बदलायचा नाही, यावर मात्र लक्ष ठेवा.

पीक मेलं, गोगलगायींनी खाल्लं, तर वहीत तेही लिहा. २० पैकी ६ उरली, ३० टक्के. शून्य आला तरी तो आकडाच आहे, आमच्या वहीत एका पानावर नुसती शून्यं आहेत आणि शेवटी धाकट्याने गोगलगायीचं चित्र काढलंय.

शेवटची पायरी

वाळलेल्या शेंगा फोडा, प्रत्येकीत किती दाणे ते कागदावर ठिपक्यांनी मांडा, ४ दाण्यांच्या शेंगेचा ठिपका ४ वर, ६ चा ६ वर. ठिपक्यांचा ढीग कुठे जमतो ते बघून पुढची शेंग न फोडता ओळखायचा खेळ खेळा. एका दाण्यापासून किती शेंगा आल्या, त्यात किती दाणे, ते सगळे पेरले तर पुढच्या वेळी किती, आणि त्यापुढच्या वेळी, हा गुणाकार मुलं स्वतःच करत बसतात आणि तिसऱ्या वर्षी जागा पुरणार नाही म्हणून ओरडतात. मग चांगले २० दाणे वेगळे काढा, नीट वाळवा, कागदी पाकिटात घाला आणि पाकिटावर तीन गोष्टी लिहायला लावा: कशाचं बी, कोणत्या तारखेला ठेवलं, आणि पुढच्या वेळी त्यातले किती उगवतील याचा प्रत्येकाचा अंदाज. अंदाज पेनने.